आम्ही मेंदू उसना देतो

सरकारी नोकराच्या पाचवीलाच परीक्षा पुजलेल्या. नोकरीत शिरण्याची परीक्षा, खात्याची परीक्षा, बढतीची परीक्षा, जेथे बदली होईल तेथल्या भाषेची परीक्षा. आणि दर तीन वर्षांनी नवा साहेब आला की त्याची म्हणून एक तोंडी परीक्षा निराळीच. सेवानिवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार पडला तेव्हा या साऱ्यांतून सुटलो असे आम्हांस वाटले होते. तथापि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आम्ही पुन्हा परीक्षेस बसलो, तेही आपखुशीने. आणि परीक्षा अशी की तिच्यात उत्तीर्ण होणे नाही, अनुत्तीर्ण होणे नाही, निकाल नाही आणि वेतनवाढ तर नाहीच नाही. चेन्नईतील एका संशोधन संस्थेत, साठी उलटलेल्या व एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्या निरोगी माणसांच्या स्मरणशक्तीचा व मेंदूचा अभ्यास चालला आहे. त्यासाठी आम्ही आमचा मेंदू वर्षातून दोन दिवस उसना देतो.

बेझंटनगरच्या समुद्रावर सकाळी फिरणाऱ्या निवृत्तांच्या घोळक्यात ही बातमी प्रथम आली. रक्त देणारे लोक असतात, मरणोत्तर नेत्रदान करणारे असतात, पण जिवंतपणी मेंदू देणे म्हणजे काय, यावर दोन दिवस विनोद झाले. एका गृहस्थाने विचारले, "सार, द्यायला शिल्लक काही आहे का?" बाकीच्यांनी हसून विषय सोडून दिला. आम्हांला तो सोडता आला नाही, याचे कारण सांगायला हवे.

आमचे वडील जबलपूरला नोकरीस होते. जन्म कोकणातला, परंतु पस्तीस वर्षे हिंदीत बोलण्यात आणि इंग्रजीत लिहिण्यात गेली. त्यांची हिंदी ऐकून तिकडचे लोक त्यांना आपल्यांतलाच समजत. शेवटच्या चार वर्षांत त्यांची स्मृती ढासळत गेली, आणि ती कशी ढासळली हे आम्ही रजा काढकाढून पाहिले. आधी नावे गेली. मग इंग्रजी गेली. मग एके दिवशी, आभाळ निवळावे तशी, हिंदी नाहीशी झाली. उरली ती रत्नागिरीकडच्या एका खेड्यातील साताठ वर्षांच्या मुलाची मराठी. ते परसू मागू लागले, पडवी मागू लागले. सेवेला ठेवलेला मनुष्य प्रेमळ होता, पण त्याला 'ओटीवर नेऊन बसव' याचा अर्थ कसा कळावा? तो म्हणे, "बाबूजी दो दिन से बड़बड़ा रहे हैं." ती बडबड नव्हती. ती स्वच्छ, शुद्ध, व्याकरणाने चोख अशी मागणी होती. फक्त जबलपुरात ती समजणारे कोणी नव्हते.

बदलीच्या गावी बिऱ्हाड थाटून बसलेल्या या मासिकाच्या वाचकांना यापुढचे आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. आम्ही चेन्नईस आलो त्याला अठ्ठावीस वर्षे झाली. येथेच घर घेतले, मुले येथे शिकून दूरदेशी गेली, आणि आता परत जावे असे गाव म्हणाल तर तेथे आम्हांला ओळखणारे एक आंब्याचे झाड तेवढे उरले आहे. तेव्हा प्रश्न असा की, वडिलांची वाट आमच्याही नशिबी असेल तर अखेरीस आमच्यापाशी कोणती भाषा उरेल? आणि ती या अड्यारच्या परिसरात कोणाला कळेल?

या प्रश्नावर विद्वानांत जुना तंटा आहे, हे आम्हांला नंतर समजले. तेओद्यूल रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ साली स्मृतीच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने असा नियम मांडला की जे शेवटी शिकले ते आधी जाते, आणि जे सर्वांत आधी शिकले ते सर्वांत शेवटपर्यंत टिकते. या हिशेबाने आमच्याकडे मराठी उरेल. पुढे १८९५ मध्ये पित्र नावाच्या दुसऱ्या फ्रेंच वैद्याने, मेंदूस इजा होऊन वाचा गेलेल्या बहुभाषी रोग्यांना तपासून, वेगळेच सांगितले: पहिली भाषा नव्हे, तर जी सर्वांत अधिक वापरात होती ती आधी परत येते. या हिशेबाने आमच्याकडे उरणार ती टिपणी-मसुद्यांची इंग्रजी! अंथरुणाला खिळलेला म्हातारा, शेजारी मंडळी बसलेली, आणि तो पुटपुटतो आहे की प्रकरण आवश्यक त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित करण्यात यावे. हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर आम्ही मनोमन रिबोच्या बाजूने मत दिले. मात्र पुढील शंभर वर्षांत असे आढळले की दोन्ही नियम काही रोग्यांना लागू पडतात आणि काहींना एकही पडत नाही. म्हणजे प्रकरण अद्याप विचाराधीन आहे. आणि जे विचाराधीन आहे त्याला कागदपत्रे लागतात, हे लेखा खात्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. ते कागद म्हणजे आमच्यासारखी माणसे.

दुसरीही एक गोष्ट मनाला धीर देऊन गेली. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडला, असे त्यांना दिसले. आणि विशेष म्हणजे जे कधी शाळेत गेले नव्हते त्यांच्यातही तो फरक दिसला. इतरत्र झालेल्या अभ्यासांतून नेहमीच असा निष्कर्ष निघालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीपण ज्या बदल्यांनी आमच्या पिढीच्या संसाराची भांडी फोडली, मुलांच्या शाळा मोडल्या, त्यांनी डोक्यात एखादी वीट जास्त घातली असेल तर ते कोणाला नको आहे?

असो. आम्ही गेलो. एका तरुण तमिळ मुलीने आमचे स्वागत केले. ती पीएच.डी.साठी काम करीत होती आणि आम्हांला 'सर' म्हणत होती; आम्ही तिला 'अम्मा' म्हणू लागलो, कारण या गावात पाच वर्षांच्या पोरीपासून ऐंशीच्या आजीपर्यंत सर्वांना चालणारा तो एकच शब्द आहे. तिने प्रथम एक आठ पानी संमतीपत्र पुढे ठेवले. आम्ही सवयीप्रमाणे सहीची जागा शोधू लागलो, तशी ती म्हणाली, "नाही सर, आधी मी वाचून दाखवते." उभ्या सेवेत आम्ही हजारो कागदांवर सह्या केल्या, हजारोंवर घेतल्या, परंतु समोरच्याला अर्थ कळला की नाही याची खातरजमा करूनच पुढे सरकणारा कागद आम्ही प्रथमच पाहिला. त्यात स्वच्छ लिहिले होते की या अभ्यासापासून आपला काहीही प्रत्यक्ष फायदा होणार नाही. असे वाक्य लिहिण्याचे धैर्य आमच्या एकाही योजनेच्या माहितीपत्रकात आम्हांला आढळले नव्हते! प्रवासखर्च मिळेल, त्याहून अधिक नाही; कारण पैशाच्या लोभाने कोणी मेंदू पुढे करू नये, असा दंडक आहे. आणि शेवटचे कलम तर आम्ही दोनदा वाचून घेतले: आपण कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता, अभ्यासातून बाहेर पडू शकता. तीन महिन्यांच्या पूर्वसूचनेशिवाय ज्याला राजीनामाही देता येत नसे त्या माणसाला हे कलम अत्तराच्या फायासारखे वाटले.

हा कागद सुखासुखी जन्मलेला नाही. नाझी डॉक्टरांनी बंदिवानांवर जे केले त्याच्या खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्गची संहिता निघाली. १९६४ मध्ये जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकीत जाहीरनामा काढला. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० साली पहिले धोरण मांडले आणि २०००, २००६ व २०१७ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली. मानसशास्त्राच्या प्रयोगांत देह सहसा दुखावत नाही, पण तेथेही माणसाला किती फसवावे याला सीमा असते. येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ साली वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसे हवी आहेत. चार डॉलर मेहनताना आणि पन्नास सेंट गाडीभाडे. आलेल्या माणसाला सांगत की पलीकडच्या खोलीतील इसम चुकला की त्याला विजेचा धक्का द्या, आणि प्रत्येक चुकीला धक्का वाढवा. धक्के खोटे होते, पलीकडचा इसम नटला होता. परंतु देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. करड्या डगल्यातील प्रयोगकर्ता शांतपणे 'पुढे चालू ठेवा' म्हणे, आणि चाळीसांपैकी सव्वीस जण शेवटच्या, साडेचारशे व्होल्टच्या खटक्यापर्यंत गेले. या प्रयोगाविषयी इतर लोक आश्चर्य करतात. वरून आलेल्या आदेशाखाली 'पाहिले' एवढेच लिहून कागद खाली ढकलण्यात ज्यांची हयात गेली अशा आम्हां मंडळींनी आश्चर्य करावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे मात्र खरे की त्या सव्वीस जणांना स्वतःविषयी जे समजले ते जाणून घेण्यास त्यांनी संमती दिली नव्हती.

आमच्या संमतीपत्रातही असाच एक काटा होता, फक्त तो उघड होता. मेंदूचे चित्र काढताना अनपेक्षित काही आढळले, एखादी गाठ, एखादी फुगलेली रक्तवाहिनी, तर आपणांस कळवावे काय? दोन चौकटी: होय, नाही. निरोगी दिसणाऱ्या माणसांतही शंभरात दोन-तीन जणांच्या बाबतीत असे काही निघते, असे तिने सांगितले. आम्ही तो कागद घरी घेऊन आलो. दोन दिवस तो टेबलावर, पेपरवेटखाली पडून होता. कळले नाही तर निश्चिंत झोप. कळले तर कदाचित उपाय, कदाचित नुसतीच जाग. तिसऱ्या दिवशी आमच्या मंडळींनी चष्मा लावून तो संपूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "अहो, होयवर खूण करा. पण तुम्हांला नको, मला कळवा म्हणावं. तुम्हांला सांगायचं की नाही ते मी बघेन." संमतीपत्रात यासाठी तिसरी चौकट नव्हती. आम्ही 'होय'वर खूण केली, संपर्कासाठी त्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिला, आणि त्या मुलीनेही तो हसून मान्य केला.

पहिल्या दिवशी नुसती प्रश्नोत्तरे. आम्हांला 'कंट्रोल'च्या गटात घातले आहे असे कळले तेव्हा थोरल्या मंडळींच्या तोंडचे कंट्रोलचे धान्य आठवले. येथे त्याचा अर्थ एवढाच की रोग्यांशी तुलना करण्यासाठी ठेवलेला धडधाकट मनुष्य. शंभरातून सात वजा करीत जा, असे तिने इंग्रजीत सांगितले. आम्ही तोंडाने इंग्रजीत उत्तरे देत होतो, पण आत चालले होते ते त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. जमाखर्च चाळीस वर्षे इंग्रजीत तपासला, परंतु वजाबाकी अजून गावच्या शाळेच्या ओट्यावरच होते. ती आमच्या ओठांकडे पाहत होती. तिने विचारले, "सर, तुम्ही भाषांतर करता आहात का?" आणि एकोणऐंशी म्हणजे 'ऐंशीला एक कमी' हे ऐकून तिने ते वहीत टिपून घेतले. प्रत्येक उत्तराला लागणारा वेळ मोजला जात होता, आणि या भाषांतराचा वेळ आमच्या वयाच्या खात्यावर नावे पडता कामा नये, ही तिची चिंता आम्हांला फार आवडली.

मग एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगायचे. निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या भाषेत. येथे आम्हांला आमच्या डोक्याची जी मांडणी दिसली ती अडुसष्ट वर्षांत दिसली नव्हती. मराठीत गाय, म्हैस, शेळी, मुंगूस, खार, विंचू, घोरपड, वटवाघूळ असे सगळे परसातून आणि माळ्यावरून धावत आले, एकोणीस झाले. इंग्रजीत जिराफ, झेब्रा, कांगारू असे जे कधी अंगणात आले नाहीत तेच आले, आणि तेही पाठ्यपुस्तकातल्या क्रमाने, चौदा झाले. तमिळमध्ये नाय, पूनै, माडु, आडु, कोळि, काक्का, एवढे रस्त्यावरचे आणि बाजारातले झाल्यावर आम्ही घुटमळलो, आणि मग मोठ्या अनुभवाने 'कोसु' म्हणालो. डासाला प्राणी धरावे की नाही, यावर तिने क्षणभर विचार करून गुण दिला. चेन्नईत राहणाऱ्याला तो नाकारता येण्यासारखा नव्हताच.

पण खरी अडचण तिने नंतर सांगितली. कोणत्या वयाच्या, किती शिकलेल्या माणसाला किती शब्द आठवले म्हणजे ठीक समजावे, याची कोष्टके लागतात. तिच्यापाशी ती तमिळसाठी होती, इंग्रजीसाठी होती. चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाला कोणत्या कोष्टकाने मापावे? आणि हा प्रश्न केवळ आमचा नाही. या शास्त्राची बहुतेक मापे पश्चिमेकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर बसवलेली आहेत. प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांच्या एका पाहणीत असे दिसले की अभ्यासलेल्या माणसांपैकी शेकडा ९६ ज्या देशांतील होती तेथे जगाच्या लोकसंख्येपैकी शेकडा १२ माणसे राहतात. कॅनडातील हेन्रिक प्रभृतींनी २०१० साली हे पुढे मांडून मोठी खळबळ उडवली. आमच्या शेजारी एक तंजावरकडचे मराठी कुटुंब आहे. व्यंकोजी राजांबरोबर आलेल्यांचे वंशज. घरात मराठी बोलतात, ऐकताना आपल्याला जुनी बखर कोणी तमिळ हेलात वाचते आहे असे वाटते. शाळा तमिळ, नोकरी इंग्रजी, देवनागरी अक्षर वाचता येत नाही. 'मातृभाषा' या शब्दापुढील दोन इंचांच्या रेघेवर त्यांनी काय लिहावे? आम्ही त्यांनाही त्या मुलीकडे धाडले. तंजावरच्या सरफोजी राजांनी (१७७७–१८३२) नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवविल्या होत्या, त्या सरस्वती महालात आजही आहेत. तेव्हा तपासणीसाठी नोंदवून घेणे हे त्या कुटुंबाला काही परके नसावे.

मद्रासला या बाबतीत पूर्वपुण्याई आहे. किलपॉकच्या मनोरुग्णालयाचा इतिहास १७९४ पर्यंत मागे जातो. तेथे पुढे अधीक्षक झालेल्या डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली स्किझोफ्रेनियाच्या संशोधनासाठी 'स्कार्फ' ही संस्था काढली. मद्रास विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग १९४३ चा. परंतु आमचे मन जेथे रेंगाळते ते डॉ. थारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या एका दीर्घ अभ्यासापाशी. १९८१-८२ साली या शहरात प्रथमच स्किझोफ्रेनियाने ग्रासलेले नव्वद रुग्ण त्यात घेतले गेले, आणि त्यांचा माग दहा, वीस, पंचवीस वर्षांपर्यंत ठेवला गेला. त्यांपैकी कित्येक मध्येच गेले, कित्येकांची लग्ने झाली, कोणाची मोडली, कोणी कामाधंद्याला लागले. हा आजार जडला की सारे संपले, ही समजूत ढिली करण्यात त्या नव्वदांचा वाटा आहे. त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत, आणि नसावीतच. संमतीचा तोही एक भाग असतो. आम्हांलाही क्रमांक मिळाला आहे. सेवापुस्तकातील क्रमांकाहून तो लहान आहे आणि अधिक जपून ठेवला जातो.

दुसऱ्या दिवशी यंत्रांची पाळी. मेंदूतील विजेचे तरंग टिपण्यासाठी डोक्याला जाळीची टोपी घालतात, आणि त्यासाठी केसांना तेल नको असते. 'डोक्याला तेल न लावता यावे' ही सूचना वाचून आमच्या मंडळींना त्या शास्त्राविषयी प्रथमच संशय आला. त्यातून चेन्नईचा वैशाख. घामाने तरंग असे हेलकावतात म्हणे की समुद्राचे की मेंदूचे ते कळू नये. चुंबकीय चित्रणाच्या खोलीत शिरताना अंगठी, घड्याळ, चष्मा सर्व उतरवले. करगोट्याला हरकत नव्हती, त्याला बांधलेल्या कपाटाच्या किल्लीला होती. तिथल्या लोहचुंबकाची शक्ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कित्येक हजार पट असते. आतला आवाज म्हणजे जुन्या कचेरीतील शंभर टंकलेखनयंत्रे एकाच वेळी तातडीचा मसुदा काढीत आहेत! त्यात न हलता पडून राहायचे आणि दिसेल त्या चित्राचे नाव मनातल्या मनात कधी मराठीत, कधी इंग्रजीत घ्यायचे. या यंत्राला विचार दिसत नाहीत. मेंदूच्या कोणत्या भागात प्राणवायूने भरलेले रक्त अधिक धावले, तेवढे दिसते. तिजोरीतली रक्कम न मोजता तिच्याकडे जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवावी, तसा हा हिशेब. लेखापरीक्षक म्हणून आम्ही तो सशर्त मान्य करतो.

तीन आठवड्यांनी मंडळींना दूरध्वनी आला. त्यांनी आतल्या खोलीत जाऊन तो घेतला, आणि बाहेर येऊन "काही नाही" म्हणाल्या. हे 'काही नाही' अहवालातले की त्यांचे, हे आम्ही विचारले नाही. पुढच्या वर्षीची तारीख मात्र भिंतीवरील दिनदर्शिकेवर त्यांनीच लाल शाईने लिहिली.

त्या मुलीने जाताजाता सांगितले की येथील आयआयटीत २०२२ पासून एक मेंदू-केंद्र आहे. तेथे मानवी मेंदूचे पातळ छेद घेऊन पेशीपेशीचा नकाशा करतात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी पाच गर्भस्थ मेंदूंची ५,१३२ छेदचित्रे 'धरणी' या नावाने जगाला खुली केली. त्या पाचांपैकी कोणाला एकही शब्द शिकायला मिळाला नव्हता. आम्ही घरी येऊन मरणोत्तर मेंदूदानाचा विषय काढला. मंडळी म्हणाल्या, "आधी जिवंतपणाचं बघा."

त्यावरून सुचले ते काम सध्या चालू आहे. एक दोनशे पानी वही घेतली आहे. डाव्या रकान्यात आमचे मराठी शब्द, देवनागरीत आणि उच्चारासाठी तमिळ लिपीत. उजव्या रकान्यात तमिळ अर्थ. पुढेमागे जो कोणी आमच्या सेवेला येईल त्याच्यासाठी. पाणी, तण्णी. भूक, पसि. दुखते, वलिक्कुदु. 'ओटी'ला प्रतिशब्द म्हणून 'तिण्णै' सापडला तेव्हा आम्हांला फार बरे वाटले. जुन्या तमिळ घरांना तशीच असते. 'कंटाळा' अजून सापडलेला नाही. तंजावरच्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली आहे. परवा वही उघडली तर शेवटच्या ओळीत आमच्या मंडळींच्या अक्षरात एक नवा शब्द होता: अहो, एन्नंग. आणि पुढे कंसात, येणाऱ्याला सूचना म्हणून: काही ऐकेनासे झाले तर अशी हाक मारून पाहावी.